शिडीचा काठ आणि लाल दिवा

आमच्या पुढच्या खोलीत एक फोटो टांगलेला आहे. त्यात देव नाही, माणूस नाही. पत्त्याएवढ्या कागदावर वीतभर कापडाचा तुकडा, एवढंच. पाहुणे पहिल्यांदा येतात तेव्हा जवळ जाऊन बघतात, मग मागे सरकतात आणि संकोचून विचारतात, "हे काय आहे?" मी याच प्रश्नाची वाट बघत असतो. बायको मात्र लगेच उठते. "च्या ठेवते," म्हणते, "आता काय अर्धा तास सुटका न्हाय तुमची."

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक धुरकट ढग आहे. तो माझा अंगठा. तिथपर्यंत यायला जरा वेळ लागेल.

मी तेव्हा पंचविशीत होतो. मंद्रूपकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, मॅट्रिकपर्यंत कसाबसा पोचलेला आणि सोलापुरात गिरणीच्या हजेरी खात्यात चिकटलेला. सकाळच्या भोंग्याला नावांपुढे खुणा करायच्या, संध्याकाळच्या भोंग्याला घरी यायचं. माझे मामा रेल्वेत गार्ड होते. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना सामान वाटून टाकत होता, त्यात मामांच्या वाट्याला एक काळी पेटी आली. मामांनी महिनाभर तिच्यात सुपारी ठेवली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की हा कॅमेरा आहे. भाच्याला इंग्रजी येतं, या गैरसमजापोटी तो माझ्याकडे आला. सोबत एक पुस्तिका होती आणि आत सुपारीचा वास. तो वास शेवटपर्यंत गेला नाही.

माझे दोन जिवलग मित्र होते. एक विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. बाप आणि हा, दोघं दोन हातमागांवर बसत. दुसरा रंगारी. त्याच गल्लीच्या टोकाला त्याचं सूत रंगवायचं काम, कोपरापर्यंत हात कायम निळे, बोली दखनी. रविवारी आम्ही तिघं रंगाऱ्याच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली जमत असू. मी पुस्तिका उघडून मोठ्या रुबाबात मराठीत सांगायचो आणि हे दोघं ऐकायचे. जिथं मला इंग्रजी कळत नसे तिथं मी पान उलटत असे. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

पहिल्या रिळात आठ फोटो होते. दोनांत आभाळ, तीनांत माझी सावली, एकात बकरी आणि दोनांत आमची बायको, पण गळ्यापासून खाली. तिने ते नीट बघितले आणि म्हणाली, "लुगड्यावरून वळखू आली म्हणून बरं. न्हायतर म्हणले असते, कुणाला घेऊन गेला हुता फोटो काढाया."

फिल्म धुण्याचं काम रंगाऱ्याच्या कोठीत चाले. नीळ ठेवायची बिनखिडकीची खोली, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं की भर दुपारी काळोख. पुस्तिकेत लिहिलं होतं की ही फिल्म लाल उजेडात धुतली तर खराब होत नाही. रंगाऱ्याने आपल्याच हंड्यात कापड गडद लाल रंगवलं आणि कंदिलाला गुंडाळलं. झाली आमची अंधारखोली. औषध ओतायला मी घरची परात नेली होती. ती परत आणल्यावर बायकोने ती हुंगली आणि अंगणात कोंबड्यांपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी नवी परात आली.

सोलापूरचा उन्हाळा त्या पुस्तिका लिहिणाऱ्याला ठाऊक नसावा. पाणी थंड असावं, एवढंच तो लिहून गेला. वैशाखात आमचं थंड पाणी म्हणजे हात घातला तर बरं वाटावं इतकं कोमट. मी फिल्म पाण्यात सोडली आणि डोळ्यांदेखत त्यावरचं चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून पाण्यावर तरंगायला लागलं. विणकराच्या घराचा, त्याच्या आईचा, तिच्या हातातल्या नातवाचा फोटो. आम्ही तिघं वाकून ती साय बोटाने गोळा करायला बघत होतो.

"मास्तर," रंगारी म्हणाला, "तुमी बाजू व्हा. पानी का काम पानीवाले कू करने दो."

त्या दिवसापासून धुण्याचं काम त्याच्याकडे गेलं. त्याने रांजणाला ओलं गोणपाट बांधलं, पहाटेचं पाणी भरून ठेवलं. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती औषधातून वरखाली फिरवायची असते; मला ती फिरवताना दर वेळी घाम फुटे. त्याने ती अशी फिरवली जशी तो रोज सुताच्या लड्या हंड्यात फिरवत होता. पुस्तिकेत मिनिटं दिली होती. तो मिनिटांकडे बघतच नसे. फिल्मकडे बघत म्हणायचा, "अब्बी नक्को. अब्बी नक्को. हां, निकालो." आणि ती बरोबर निघे. मी घड्याळ धरून उभा राही, कारण काहीतरी धरलेलं बरं.

दिवाळीपर्यंत आमचे फोटो लोकांना ओळखू यायला लागले होते. गल्लीत मला फोटोमास्तर म्हणू लागले. मी ते थट्टेने घेतो असं दाखवत होतो. खोटं कशाला बोला, मला ते फार आवडत होतं.

त्या मार्गशीर्षात विणकर मित्र एका रविवारी गप्प गप्प बसला होता. विचारलं तर म्हणाला, "नायना माग बदलायचा म्हणतोय." नायना म्हणजे त्याचे वडील. दोरी ओढली की धोटा आपला आपण पळतो, असे नवे माग गल्लीत घरोघर आले होते. जुन्या मागावर दोन दिवसांत जेवढं निघे तेवढं नव्यावर एका दिवसात.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"चांगलंच आहे. नायनानं स्वतःच ठरवलंय. सुताराला सांगितलंय, संक्रांत झाली की ये, जुना उतरव. पण शिडीचा काठ जाणार."

शिडीचा काठ म्हणजे नायनाची खासियत. काळ्या लुगड्याला लाल काठ, त्या लाल काठात काळी रुईची फुलं, आणि दोन फुलांच्या मध्ये पाच पायऱ्यांची एक बारीक शिडी. रुईफुलं कुणीही विणी. शिडी फक्त नायनाची. ती कुठं लिहिलेली नव्हती. जुन्या मागाला बांधलेल्या दोऱ्यांत होती आणि नायनाच्या हातात होती. माग उतरला की दोऱ्या सुटणार, आणि नायनाचं वय काही नव्या मागावर ती पुन्हा बसवण्याचं नव्हतं.

"कागदावर काढून घे की त्यांच्याकडून."

"विचारलं. म्हणतो, हातात आहे ते कागदावर कसं काढू."

"एखादा तुकडा ठेव मग."

"आमच्या घरात नाही ठेवत. लुगडं अख्खं व्यापाऱ्याकडं जातं. आणि मागावरचं शेवटचं जे काय उरतं, त्याच्या वाती करून नव्या मागाच्या पूजेला लावायच्या. आजापासून तसंच आहे." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू फोटो काढशील का?"

गावात एक फोटोवाला होता, पण तो माणसांना खुर्चीवर बसवून फोटो काढी. याने त्याला विचारलं होतं. लुगड्याला खुर्ची कशी देऊ, असं म्हणून तो हसला होता. म्हणजे आता मीच. मी लगेच हो म्हणालो. मला वाटतं मी जरा छातीही काढली असेल.

शेवटचं लुगडं संक्रांतीच्या तीन दिवस आधी उतरलं. रंगाऱ्याने त्याच्यासाठी खास काम केलं होतं. काठाचं लाल सूत एरवीपेक्षा एकदा जास्त बुडवलं होतं, फोटोत खुलून दिसावं म्हणून. "डबल डुबोया," तो म्हणाला, "अंधे कू भी दिखेगा." खरोखरच तसा लाल मी पुन्हा बघितला नाही. अंगणात दोरीवर लुगडं अशा घडीने टाकलं की काठच काठ समोर यावा. व्यापाऱ्याचा माणूस उंबऱ्यावर बसून होता, आठही फोटो होईपर्यंत थांबला, मग घडी घालून लुगडं घेऊन गेला. नायना खांबाला टेकून उभे होते. ते लुगड्याकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याकडे, आणि त्याहून माझ्याकडे, बघत होते.

फिल्म धुतली. वाळली. दुसऱ्या दिवशी उन्हात कागदावर छापली. कडुनिंब झकास आला होता. दोरीचा पीळसुद्धा मोजता येत होता. आणि मधोमध लुगड्याच्या आकाराचा काळोख. फूल नाही, शिडी नाही, काठ कुठं सुरू होतो तेही नाही. आठच्या आठ.

रंगाऱ्याने एक कागद उचलला, उलटा केला, सुलटा केला. "मास्तर, ये अमावास्या का फोटो है."

विणकर हसला नाही. "लुगडं गेलं," एवढंच म्हणाला.

मी घरी जाऊन पुस्तिका काढली. पहिल्या पानापासून, एक शब्द न गाळता वाचायला बसलो. जे पान मी मोठ्या रुबाबात उलटलं होतं त्याच पानावर ते सापडलं. या फिल्मला लाल रंग दिसत नाही. लाल वस्तू फोटोत काळी येते. मी पुस्तिका मिटली आणि मला आमचा कंदील आठवला. लाल उजेडात फिल्म खराब होत नाही ती का, तर तिला लाल दिसतच नाही. आठ महिने दर रविवारी मी त्या लाल दिव्याखाली बसलो होतो, घड्याळ धरून. त्याच दिव्याखाली बसून लाल काठाचा फोटो कसा येईल याची चर्चा केली होती. आणि रंगाऱ्याने बिचाऱ्याने तो एकदा जास्त बुडवला होता.

मग गल्लीत सांगायला गेलो. रंगाऱ्याने ऐकून घेतलं आणि त्याला पहिला राग आला तो फिल्मचा. "मेरा लाल इसकू काला दिखता?" तो पुनःपुन्हा म्हणत होता. नायनांना त्यांच्या मुलाने तेलुगूत सगळं सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो. वर बघितलं तर म्हातारा हसत होता.

"बाबू," ते मला म्हणाले, "तुझ्या पेटीला काय दिसतंय मग?"

"पांढरं दिसतं. लख्ख."

"मग पांढरं देऊ की."

लुगडं उतरलं तरी मागावर दीड-दोन विती ताणा, म्हणजे न विणलेले उभे धागे, उरतोच, आणि सुतार यायला अजून चार दिवस होते. नायना मागावर बसले. काठाचे लाल धागे एकेक कापायचे आणि प्रत्येकाला पांढरा धागा गाठीने जोडायचा. बाप आणि मुलगा समोरासमोर बसले. संक्रांतीचे दिवस, गड्ड्याची जत्रा भरलेली, सगळं सोलापूर देवाच्या काठ्यांची मिरवणूक बघायला रस्त्यावर. आमची गल्ली रिकामी. वाजंत्र्यांचा आवाज यायचा आणि जायचा, आणि आत दोन माणसं गाठी मारत होती. मी आणि रंगारी धागे निवडून द्यायला बसलो. माझ्या हातून इतके तुटले की नायनांनी प्रेमाने मला तिळगूळ देऊन दारात बसवलं.

माझ्याकडे एकच रीळ उरलं होतं. गड्ड्यावर बायकोचा डोक्यासकट फोटो काढायचं कबूल केलं होतं, त्यासाठी राखलेलं. घरी जाऊन भीत भीत विचारलं. ती तीळ निवडत होती. "घेऊन जावा," म्हणाली. "माझं डोकं कुटं पळून चाललंय." आणि मागून म्हणाली, "बाबाची शिडी मात्र नीट आणा. तितं गळ्यापासून खाली नगं."

आणखी एक अडचण होतीच. माझी पेटी सात-आठ पावलांच्या आतलं सगळं पुसट काढायची. एवढा लहान तुकडा आठ पावलांवरून म्हणजे ज्वारीचा दाणा. जवळून काढायला पुढे आणखी एक भिंग लावावं, असं पुस्तिकेत होतं. आता मी पुस्तिका तोंडपाठ केली होती. भिंग कुठून आणायचं? तेवढ्यात नायनांनी गाठ मारता मारता चाळिशी काढली आणि धोतराने पुसली.

ही युक्ती माझी. एवढी तरी माझी राहू द्या. मी चाळिशी मागून घेतली, पेटीच्या डोळ्यापुढे धरली, मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी तेल लावलेला कागद ताणून बसवला, आणि डोक्यावरून घोंगडी घेतली. पेटी मागं-पुढं सरकवत गेलो. कापडापासून बरोबर हातभर अंतरावर सगळं एकदम स्वच्छ झालं. उलटं, डोकं खाली पाय वर, पण धागा न् धागा. मी नायनांना घोंगडीत बोलावलं. ते चाळिशीशिवाय, डोळे बारीक करून, कागदाला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. बाहेर येऊन त्यांनी हाताने पेटीपासून कापडापर्यंत अंतर मापलं.

"मी एवढ्यावरूनच बघतो," म्हणाले.

तीन शिड्या निघतील एवढंच कापड विणून झालं. ते कापून अंगणात फळीवर लावलं. मी एका हाताने चाळिशी पेटीच्या डोळ्याला दाबून धरली, दुसऱ्या हाताने खटका ओढला. आठ वेळा. आठही वेळा माझा अंगठा कोपऱ्यात आला, हे तेव्हा मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार येणार होता आणि दुपारी नव्या मागाची पूजा. म्हणजे वाती.

त्या संध्याकाळी कोठीत आम्ही चौघं होतो. नायना पहिल्यांदाच आत आले होते. रंगाऱ्याने फिल्म फिरवायला सुरुवात केली. मी घड्याळ खिशातच ठेवलं. बराच वेळ काहीच नाही. मग लाल उजेडात, पांढुरक्या फिल्मवर, काठ काळा पडत गेला आणि त्यात पहिलं रुईफूल पांढुरकं राहून दिसू लागलं. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं दिसतं, हे मी नायनांना समजावून सांगणार होतो. गरज पडली नाही. फुलाच्या शेजारी एक रेघ उमटली. मग दुसरी. नायना पुटपुटायला लागले, "ओकटि, रेंडु, मूडु…" पाच झाल्या तसे थांबले.

"अब्बी नक्को," रंगारी म्हणाला, जणू कुणी त्याला घाई केली होती. "हां. निकालो."

दुसऱ्या दिवशी माग उतरला. त्या कापडाच्या वाती झाल्या आणि नव्या मागापुढे तुपात जळल्या. मी दारात उभा राहून ते बघितलं. खिशात सकाळच्या उन्हात छापलेले सहा चांगले फोटो होते; दोनांत अंगठ्याने जरा जास्तच जागा घेतली होती.

सगळ्यात स्वच्छ होती मधली शिडी. विणकर मित्राने त्यातला एक फोटो नव्या मागाच्या वर लावला. वर्ष-दीड वर्ष तो नुसता बघत होता. मग एकदा भिंग घेऊन बसला, फोटोवरून धागा न् धागा मोजला, आणि नव्या मागाला तशा दोऱ्या बांधल्या. पहिलं लुगडं हातभर विणून झालं तेव्हा त्याने आम्हाला बोलावलं. काळं लुगडं, लाल काठ. रंगाऱ्याने या वेळी काही जास्त बुडवलं नव्हतं, असं तो म्हणाला. माझा विश्वास नाही.

नायनांनी काठावरून बोट फिरवलं आणि तिसऱ्या पायरीशी थांबले. "इथं चुकलास," म्हणाले. "उजवीकडं एक धागा उठलाच नाही."

मुलाने भिंतीवरचा फोटो काढून बापाच्या हातात दिला. नायनांनी चाळिशी चढवली, फोटो हातभर अंतरावर धरला आणि तिसरी पायरी बघितली. उजवीकडे एक धागा उठलेला नव्हता. तो त्यांचाच. संक्रांतीला, त्या गाठींच्या गडबडीत सुटलेला.

ते किती हसले. खांबाला धरून हसले. मग मला म्हणाले, "बाबू, तुझ्या पेटीला सगळं दिसतंय." आजवर मला मिळालेलं हे सर्वांत मोठं सर्टिफिकेट. गिरणीनेही पुढे एक दिलं, ते कुठं आहे ते मला माहीत नाही.

मित्राने दोरी सुधारायला हात घातला तर नायनांनीच थांबवलं. "राहू दे," म्हणाले, "फोटोत आहे तसंच." तेव्हापासून त्या घरातून निघणाऱ्या प्रत्येक शिडीच्या काठाला तिसऱ्या पायरीत उजवीकडे एक धागा कमी असतो. बाजारात इतर काहींनी पुढे शिडी उचलली. त्यांच्या पायऱ्या पूर्ण असतात. ओळखायला सोपं जातं.

एवढं सांगून होईपर्यंत बायको चहा घेऊन येते. पाहुणे तोपर्यंत फोटोला नाक लावून तिसरी पायरी शोधत असतात. ती कप ठेवते, अंगावरच्या लुगड्याचा काठ जरा पुढे करते, आणि म्हणते, "तितं काय बघताय, हितं बघा की. तितं त्यांचा अंगठा हाय."

मग मी त्यांना अंगठाही दाखवतो.